पाऊस मोजायला शिकवणाऱ्या अण्णा मणी



जून सुरू झाला की आपल्या भिवंडीतल्या शिक्षकांच्या मोबाइलवर रात्री एक ठरलेला मेसेज येतो. ठाणे जिल्ह्याला उद्या ऑरेंज अलर्ट. लगेच पालकांचे फोन सुरू होतात. उद्या शाळा आहे का, मुलांना पाठवायचं का, सुट्टी जाहीर झाली का? आपल्याकडे उत्तर नसतं, कारण आपणही त्याच मेसेजकडे बघत असतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीला असाच अलर्ट वाचून आईने घरी ठेवलं. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतात, आई गोदामात पॅकिंगच्या कामाला. मुलगी घरी म्हणून आईचा खाडा झाला आणि दिवसाचे पैसे गेले. त्या दिवशी आमच्याकडे पडलं काय, तर लख्ख ऊन! दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात त्या ताईंनी मला चांगलंच ऐकवलं. हवामान खात्याचा राग माझ्यावर निघाला. मी गप्प राहिले, कारण खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

चार-पाच दिवसांनी साधा यलो अलर्ट होता. कुणी मनावर घेतला नाही. दुपारी दीड-दोन तास असा पाऊस कोसळला की कामवारी नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या मुलीच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आई गोदामात अडकलेली, वडील झोपेतून उठून सामान वर ठेवतायत, आणि आम्ही दोघी शिक्षिका तेरा मुलांना घेऊन संध्याकाळपर्यंत वर्गात बसून राहिलो. त्या तेरांत तीही होती.

त्याच सुमारास आमचा परिसर अभ्यासातला उपक्रम चालू होता. प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक तुम्हीही केला असेल. आम्ही रोजचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचो. त्या दिवशीचा आमचा आकडा दोनशेच्या वर गेला. मुलं खूश. पण एका मुलाने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला तालुक्याचा आकडा आणून दाखवला. तो आमच्या निम्म्याहूनही कमी होता. कोण खरं, असं त्याने विचारलं. मी आधी म्हणाले की आपल्याकडे जास्त पडला असेल. मग बाहेर जाऊन बाटली बघितली तेव्हा लक्षात आलं की ती मी वऱ्हांड्याच्या कडेला ठेवली होती. पत्र्याची पागोळी थेट तिच्यात पडत होती. म्हणजे आठ-दहा दिवस मी मुलांना फळ्यावर चुकीचे आकडे लिहून दाखवत होते!

पाऊस नीट कसा मोजतात हे शोधायला बसले आणि वाचता वाचता एका बाईंपाशी पोहोचले. त्यांचं नाव अण्णा मणी. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे. (काही ठिकाणी अ‍ॅना मणी असंही लिहितात. माझ्या वर्गाला मी नाव सांगितलं तेव्हा सगळ्यांनी कुणीतरी मिशीवाले आजोबा डोळ्यांपुढे आणले. आपल्याकडे अण्णा म्हणजे पुरुषच ना!)

हिऱ्याच्या कुड्या नकोत

अण्णा मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी पीरमेड इथे झाला. हे गाव तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, म्हणजे आजच्या केरळात, डोंगरात आहे. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अण्णा सातव्या. घर सुखवस्तू आणि शिकलेलं. पण रीत त्या काळचीच होती. मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचं आणि मुलींनी वेळेवर लग्न करून सासरी जायचं.

त्या घरात आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची पद्धत होती. अण्णांनी कुड्या घ्यायचं नाकारलं आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. आठ वर्षांची मुलगी! गावच्या सार्वजनिक वाचनालयातली जवळजवळ सगळी मल्याळम पुस्तकं तिने तोवर वाचून संपवली होती, म्हणून ही मागणी अगदीच आकाशातून पडलेली नव्हती.

त्याच सुमारास त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह झाला. मंदिराभोवतीचे रस्ते खालच्या समजल्या गेलेल्या जातींना बंद होते, ते खुले व्हावेत म्हणून तो लढा होता. आपल्याकडे चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हा त्याच्या आधीचा. १९२५ मध्ये गांधीजी वायकोमला आले. त्या वातावरणाचा अण्णांच्या मनावर खोल ठसा उमटला आणि त्यांनी खादी वापरायला सुरुवात केली.

१९३९ मध्ये त्यांनी मद्रासला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात बी. एस्सी. ऑनर्स केलं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तिथे त्यांना संशोधनाला विषय मिळाला हिरे आणि माणिक. कुड्या नाकारलेल्या मुलीच्या हातात तीसहून जास्त हिरे आले, पण कानात घालायला नव्हे. हिऱ्यावर प्रकाश टाकला की तो कोणते रंग शोषतो आणि कोणते बाहेर टाकतो, हे त्या तपासत होत्या. छायाचित्राच्या काचेवर तो प्रकाश उमटायला कधी पंधरा, कधी वीस तास लागायचे. तेवढा वेळ उपकरण हलता कामा नये, तापमान बदलता कामा नये. अनेक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. पुढे आयुष्यभर जी नेटकी मोजणी त्यांनी केली, तिची तालीम या रात्रींत झाली असं मला वाटतं.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी पीएच. डी.साठी प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण काय, तर त्यांच्याकडे एम. एस्सी.ची पदवी नव्हती. बी. एस्सी. ऑनर्सनंतर संशोधनासाठी रीतसर शिष्यवृत्ती मिळाली होती, निबंध छापून आले होते, प्रबंध तयार होता. पण एक कागद नव्हता. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. त्यावर डॉक्टरची मोहोर नाही.

हा भाग वाचताना मी जरा थांबले. आपल्यातल्या कितीतरी जणांनी बारावीनंतर डी. एड. केलं, नोकरीला लागलो, मग मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण केलं. कागद नसला की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अण्णा मणी मात्र पुढे सांगायच्या की या पदवीवाचून आपलं फारसं काही अडलं नाही. ते खरंच असेल. पण त्यांचं अडलं नाही, यात त्या नियमाचं काहीच श्रेय नाही, असं आपलं माझं मत.

लंडन आणि मग पुणे

त्याच वर्षी, १९४५ मध्ये, परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या निघाल्या. अण्णांना भौतिकशास्त्रच पुढे शिकायचं होतं. पण त्यांच्यासाठी उपलब्ध होती ती हवामानशास्त्राच्या उपकरणांची शिष्यवृत्ती. त्यांनी ती घेतली. महायुद्ध नुकतंच संपत होतं, सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या इंग्लंडला गेल्या. तिथे तीन वर्षं त्यांनी हवेचा दाब, वारा, तापमान, आर्द्रता, पाऊस मोजणारी उपकरणं कशी बनतात, कशी तपासतात, कशी बिघडतात हे शिकून घेतलं. विषय स्वतः निवडलेला नव्हता, वाट्याला आलेला होता. शिक्षकी पेशात असे आपणही पुष्कळ जण आहोत.

१९४८ मध्ये त्या भारतात परतल्या आणि पुण्याला भारतीय हवामान विभागाच्या उपकरण शाखेत रुजू झाल्या. पुण्याला जाणाऱ्यांनी शिवाजीनगरजवळचं सिमला ऑफिस पाहिलं असेल. मला लहानपणी वाटायचं की तिथे थंडी जास्त असते म्हणून ते नाव! हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि लोकांनी इमारतीला तेच नाव ठेवलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण उपकरणांचं काम पुण्यात राहिलं.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि साधी साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. जो देश पावसावर जगतो त्याने पाऊस मोजण्याचं साहित्य बोटीने मागवायचं! एस. पी. वेंकटेश्वरन हे शाखेचे प्रमुख होते. उपकरणं इथेच बनली पाहिजेत असा त्यांचा ध्यास होता आणि तो अण्णांनी उचलला. १९५३ मध्ये त्या स्वतः शाखेच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ जण होते आणि ते सगळे पुरुष. आजही एखाद्या शाळेत तरुण मॅडम मुख्याध्यापक झाल्या की स्टाफरूममध्ये काय चालतं ते आपण जाणतो. ही गोष्ट १९५३ ची आहे.

सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले आणि त्यांचं उत्पादन सुरू केलं. हे वाक्य वाचायला कोरडं वाटतं. म्हणून जरा उलगडून सांगते.

एक मिलिमीटर म्हणजे काय

हवामान खातं सांगतं, १०० मिलिमीटर पाऊस झाला. याचा अर्थ, पडलेलं पाणी वाहून गेलं नसतं, जिरलं नसतं, उडून गेलं नसतं तर सपाट जमिनीवर १०० मिलिमीटर उंचीचा थर साचला असता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. समजा तुमच्या शाळेचं मैदान २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एवढ्याशा मैदानावर ३०,००० लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे तीन टँकर. (चौथी-पाचवीच्या वर्गात हे उदाहरण जरूर घ्या, मुलं पावसाकडे वेगळ्या नजरेने बघतात.)

आता पर्जन्यमापक. वर नरसाळं, खाली साठवणीचं भांडं, आणि मोजायला काचेचं अरुंद मापपात्र. आपल्याकडच्या एका प्रमाणित पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे व्यास जवळजवळ १६ सेंटिमीटर. समजा कारखान्यात हे तोंड चुकून अर्धा सेंटिमीटर लहान झालं. डोळ्यांना कळणारही नाही. पण क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी घटतं. आता खरा पाऊस ६८ मिलिमीटर पडला असेल तर हे यंत्र दाखवेल ६४ च्याही किंचित खाली.

दोन-चार मिलिमीटरने काय बिघडतं? आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात आणि शेतीच्या नुकसानीचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. पडघा, अनगाव, खारबाव भागात भातशेती करणारे पालक आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत आहेत. त्यांना विचारा, ६४ आणि ६५ मध्ये काय फरक आहे ते.

दुकानदाराच्या वजनावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, म्हणून गावोगावी किलो सारखाच. अण्णा मणी यांनी हवामानाच्या उपकरणांचं हेच केलं. आराखडा एकच, माप एकच, आणि प्रत्येक उपकरण पाठवण्यापूर्वी खात्रीच्या उपकरणाशी ताडून बघायचं. मोजमाप चुकीचं असेल तर त्यापेक्षा मोजलं नाही ते बरं, अशी त्यांची ठाम धारणा होती. आकडा नसेल तर माणूस निदान सावध राहतो, चुकीच्या आकड्यावर मात्र तो बिनधास्त विसंबतो. माझ्या फळ्यावरच्या दोनशेच्या आकड्यावर चाळीस मुलं विसंबली होतीच.

पर्जन्यमापक कुठे ठेवायचा याचेही नियम आहेत. काठ जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच हवा, नाहीतर जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जातात. काठ समपातळीत हवा. जवळ झाड, भिंत, इमारत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवायचा. आणि मोजायची वेळ देशभर एकच, सकाळी साडेआठ. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहायचं. वर्तमानपत्रातला आकडा आणि आपला अनुभव जुळत नाही याचं एक कारण हेच आहे. आपण रात्री बारा ते बारा असा दिवस धरतो.

किती पडला, आणि किती वेळात

पूर येणार की नाही हे नुसत्या चोवीस तासांच्या आकड्यावरून कळत नाही. १०० मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर भिवंडी तो पचवते. तेवढाच दोन तासांत पडला तर तीन बत्ती, ईदगाह रोड आणि कामवारीच्या काठावर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. त्यात खाडीला भरती असेल तर नदीचं पाणी पुढे सरकतच नाही. शिवाय जिथे पूर्वी पाणी जिरायचं अशा कितीतरी जागांवर आता गोदामं आणि काँक्रीट आहे.

म्हणून स्वयंलेखी पर्जन्यमापक लागतो. हे यंत्र मुलांना चित्र काढून समजावण्यासारखं आहे. आत पाणी साठतं तसा एक तरंगता गोळा वर चढतो. त्याला लेखणी जोडलेली असते. समोर कागद गुंडाळलेला डबा घड्याळाच्या यंत्रावर सावकाश फिरत असतो. पाऊस नसेल तर आडवी रेघ. रिमझिम असेल तर हळूहळू चढणारी रेघ. धो धो असेल तर जवळजवळ उभी. १० मिलिमीटर भरले की पाणी आपोआप खाली ओतलं जातं, लेखणी शून्यावर येते आणि पुन्हा चढायला लागते. दुसऱ्या दिवशी कागद उलगडला की किती वाजता, किती जोराने पडला याचा सगळा हिशेब समोर. आज बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक स्वयंचलित केंद्रं आली आहेत, दर पंधरा मिनिटांचा आकडा लांबून दिसतो. काम तेच.

२६ जुलै २००५ आठवा. पस्तिशीच्या पुढच्या कुठल्याही भिवंडीकराला ती तारीख सांगावी लागत नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला फक्त ७३ च्या आसपास. दोन्ही मुंबईतच, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. सांताक्रूझला त्या दुपारी एका तासातच १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. समजा सांताक्रूझला पर्जन्यमापकच नसता, तर सरकारी वहीत मुंबईचा तो दिवस पावसाळ्यातला एक साधा दिवस म्हणून राहिला असता.

फाटकात रागावलेल्या त्या ताईंना द्यायचं उत्तर मला इथे सापडलं. इशारा असतो ठाणे जिल्ह्याला. जिल्ह्यात आपण आहोत, तसंच शहापूर आहे, मुरबाड आहे, सह्याद्रीचा घाट आहे. तिकडे अति मुसळधार पडेल आणि आपल्याकडे ऊन असेल, तरी इशारा खोटा ठरत नाही. आणि तिकडचं पाणी नद्यांनी शेवटी खाडीकडेच येतं.

अचानक येणाऱ्या पुरासाठी भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये वेगळी यंत्रणा सुरू केली. ती भारतासोबत नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंकेसाठीही मार्गदर्शन देते. तिचं गणित साधारण असं चालतं. जमीन आधीच किती भिजली आहे? आता या भागात आणखी किती पाऊस पडला तर ओढे-नाले काठ सोडतील? आणि अंदाज किती पावसाचा आहे? यावरून पुढच्या सहा तासांचा धोका आणि चोवीस तासांची शक्यता सांगितली जाते. उपग्रह, रडार, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतला महासंगणक, सगळे त्यात कामाला लागतात. पण रडार पाऊस मोजत नाही. ते थेंबांवरून परत आलेल्या लहरी मोजतं आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधतं. तो बरोबर आहे का हे शेवटी जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशीच ताडून बघावं लागतं.

पाऊस झाला, आता सूर्य आणि वारा

अण्णा मणी नुसत्या पावसावर थांबल्या नाहीत. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. त्यानिमित्ताने त्यांनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. समुद्राचं पाणी वर नेणारी आणि मॉन्सून हलवणारी ऊर्जा सूर्याचीच, तेव्हा तीही मोजायला हवी. १९६० च्या दशकात फुग्यातून आकाशात सोडून ओझोन मोजायचं उपकरण त्यांनी भारतात तयार करवलं. ओझोनच्या थराची चर्चा शाळेच्या पुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९६३ मध्ये थुंबाच्या अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा त्यांनी उभारला. अग्निबाण सोडायचा तर वाऱ्याची खबर आधी हवी.

१९६९ मध्ये त्यांची दिल्लीला बदली झाली. १९७६ मध्ये त्या हवामान विभागाच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या बंगळूरला रामन संशोधन संस्थेत गेल्या, जिथे तो बिनपदवीचा प्रबंध कपाटात होता. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सौर प्रारणावर त्यांचे दोन मोठे ग्रंथ आले. सौरऊर्जेवर काम करणाऱ्यांचा ते वर्षानुवर्षं आधार होते. देशभर ठिकठिकाणी वाऱ्याचा वेग मोजून कुठे पवनचक्क्या चालतील याची माहितीही त्यांनी गोळा केली, आणि बंगळूरला वारा व सूर्यप्रकाश मोजणारी उपकरणं बनवणारा छोटा कारखाना काढला. साताऱ्याकडे पठारावरच्या पवनचक्क्या सहलीत दाखवताना हे नाव मुलांना सांगता येईल.

बाई म्हणून आपण काही विशेष सोसलं, असं त्यांनी मिरवलं नाही. पण तरुणपणी प्रयोगशाळेत बाईची बारीकशी चूकसुद्धा बाई असल्याच्या खात्यावर मांडली जायची, याची आठवण त्यांना होती.

१९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढची वर्षं अंथरुणात गेली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचं निधन झालं, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाच्या बरोबर एक आठवडा आधी. सांताक्रूझच्या त्या आकड्याला अजून चार वर्षं होती.

आमची बाटली

आता आमच्या वर्गाचं सांगते. तुम्हाला करून बघायचं असेल तर उपयोग होईल. बाटली सरळ उभ्या अंगाची घ्या, कमरेत बारीक होणारी नको. वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. तळ वाकडा असतो, म्हणून तिथे खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून विटांत बसवा. पागोळी, झाड आणि भिंत यांपासून लांब ठेवा. वाचताना डोळे पाण्याच्या पातळीला आणा.

फळ्यावरचे जुने सगळे आकडे मी मुलांसमोर पुसले आणि ते का पुसले हेही सांगितलं. मग बाटली मैदानात हलवली. साडेआठला आमचा परिपाठ असतो, म्हणून दोघांना पाच मिनिटं त्यातून सुट्टी. रविवारी काय करायचं हा प्रश्न होता. नदीकाठची तीच मुलगी शाळेच्या सगळ्यांत जवळ राहते, तिने रविवार घेतला. छत्री धरायला आई येते. पहिल्या रविवारी ताईंनी मला ऑरेंज आणि यलोचा फरक पुन्हा विचारला. या वेळी मला तो सांगता आला, मिलिमीटरसकट. ६४.५ च्या पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. आता अलर्ट आला की रात्री त्या मला उलटा फोन करून घाटाकडे आहे की आपल्याकडे, असं विचारतात. सगळ्या वेळी मला सांगता येतं असं नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्रभर वारा होता. सोमवारी वही पाहिली तर त्या तारखेपुढे आकडा नव्हता, नुसती रेघ होती. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं की बाटली आडवी झाली होती.